सैल तारेचा भार

सुरुवातीला फक्त पाऊस आहे. तो आपल्या आषाढातला, कौलांवर थयथयाट करणारा पाऊस नव्हे; संथ, करडा, दिवसभर पडत राहिला तरी ज्याची कोणी दखल घेणार नाही असा इंग्लंडातला पाऊस. त्याच्या पडद्यामागे, बऱ्याच अंतरावरून, चर्चच्या घंटेचा एकेक टोला येतो. मधूनच आभाळ गडगडते. अर्ध्या मिनिटाहून अधिक काळ एवढेच चालते आणि तरीही आपण जागेवरून हलत नाही, कारण घंटेच्या दोन टोल्यांमधल्या अंतरात कुठेतरी काहीतरी येऊ घातले आहे याची कानाला चाहूल लागलेली असते. 'ब्लॅक सॅबथ' या बर्मिंगहॅमच्या चौकडीने १९७० साली काढलेल्या, त्याच नावाच्या पहिल्या अल्बममधल्या, पुन्हा त्याच नावाच्या पहिल्या गाण्याचा हा प्रारंभ. हेवी मेटल म्हणजे कानठळ्या बसवणारा गोंगाट, असे ऐकीव माहितीवर ठरवून बसलेल्या रसिकांना मी नेहमी हीच पाऊस-घंटा ऐकवतो. ज्या संगीतप्रकाराचा जन्म या ध्वनिमुद्रिकेपासून मोजला जातो, त्याने जगात पहिले पाऊल टाकले ते असे, दबकत, वाट पाहायला लावत.

आणि मग ते तीन स्वर येतात. गिटार, बेस आणि ड्रम एकाच क्षणी कोसळतात. पहिल्या स्वराला आपण आपल्या सोयीसाठी षड्ज म्हणू. दुसरा स्वर म्हणजे त्याचाच वरच्या सप्तकातला षड्ज. इथवर सारे सुरळीत आहे, घर तेच आहे, आपण फक्त वरच्या मजल्यावर आलो आहोत. तिसरा स्वर मात्र तीव्र मध्यम, सप्तकाला बरोबर मधोमध छेदणारा, कोणत्याच षड्जाचा सगा नसलेला. पाश्चात्त्य संगीतशास्त्राने या स्वरांतराला सैतानाचे नाव दिले आणि त्याच्याकडे शतकानुशतके संशयाने पाहिले. आपल्या कानांना ही भीती परकी आहे. आपल्याकडे तीव्र मध्यम हा दिवेलागणीचा सखा. यमनात तो पंचमाच्या अंगणाशी येऊन थबकतो आणि मग असा काही आत शिरतो की उभ्या दिवसाचा शीण उतरावा. म्हणूनच मराठी रसिकाने हे गाणे ऐकताना एका गोष्टीकडे मुद्दाम कान द्यावा. टोनी आयोमीची गिटार या तीव्र मध्यमावर आल्यावर तिथे स्थिर राहत नाही, थरथरते, आणि त्या थरथरीत शेजारच्या पंचमाला निसटता स्पर्श करून पुन्हा पुन्हा माघारी येते. पंचम दिसतो, हाताशी असतो, पण त्यावर विसावा घ्यायची मुभा नाही. पंचम वर्ज्य असलेल्या मारव्यात जी हुरहुर लागते, तिच्याशी या जागेचे दूरचे नाते मला नेहमी जाणवते. मात्र मारवा षड्जालाही लपवत ठेवतो, आणि इथे षड्ज दोनदा ठासून सांगितल्यावरच त्याच्यापासून तोडले जाते. त्यामुळे मारव्यातली हुरहुर इथे धास्ती होते.

या तीन स्वरांचे बीज कुठले, याची हकीकतही आस्वादात भर घालणारी आहे. बेसवादक गीझर बटलर इंग्रज संगीतकार गुस्ताव्ह होल्स्ट याच्या 'द प्लॅनेट्स' या वाद्यवृंदरचनेतला 'मंगळ' हा भाग आपल्या बेसवर वाजवत होता, आणि त्यातल्या त्या अस्वस्थ स्वरांतराने आयोमीच्या मनात घर केले. हा होल्स्ट म्हणजे ऋग्वेदातल्या सूक्तांना चाली लावता याव्यात म्हणून संस्कृत शिकलेला आणि सावित्री-सत्यवानाच्या कथेवर ऑपेरा रचणारा गृहस्थ. त्याचा युद्धदेव मंगळ पन्नासएक वर्षांनी बर्मिंगहॅममधल्या ॲस्टनच्या कामगार वस्तीतल्या पोरांच्या हाती लागावा आणि त्यातून एक संबंध परंपरा फुटावी, हा योग मला अतिशय रम्य वाटतो.

पण स्वर सांगून भागत नाही. त्यांची मांडणी पाहा. पहिले दोन स्वर मिळून जेवढा काळ घेतात, जवळजवळ तेवढा काळ एकट्या तिसऱ्याला मोकळा दिला आहे. लय इतकी विलंबित की पुढचा आघात येईल की नाही अशी शंका यावी. त्या काळचे इंग्लंडातले रॉक आणि ब्लूज बँड जोर वाढवायचा तर स्वर वाढवत, वेग वाढवत. या चौघांनी स्वर कमी केले आणि मधली जागा वाढवली. या अल्बमविषयी आणि त्याच्या पोटी जन्मलेल्या उत्तमोत्तम अल्बमविषयी मला जे सांगायचे आहे ते एवढ्यात आले: या संगीताचा भार दोन आघातांच्या मधल्या रिकाम्या जागेत साठवलेला आहे. आवाज कितीही कमी केला तरी हे गाणे हलके होत नाही, हे आपण घरी करून पाहावे.

चार-पाच आवर्तनांनंतर तर सारा गडगडाटच मागे घेतला जातो. तेच तीन स्वर आता हलक्या बोटांनी, स्वच्छ, जणू शेजारच्या खोलीतून येतात आणि त्यांच्यावर ऑझी ऑस्बर्नचा आवाज उमटतो. या आवाजाला तालमीची चकाकी नाही. त्यात एक कोरडा, नाकातला, किंचित चिरका सूर आहे, आणि हीच त्याची श्रीमंती आहे. गाण्यात काळ्या वस्त्रातली एक आकृती समोर उभी आहे आणि ती बोट दाखवते आहे ती गाणाऱ्याकडेच. गीझरने एका रात्री जाग आल्यावर पलंगाच्या पायथ्याशी अशी आकृती पाहिल्याचे सांगितले आणि त्यावरून हे गाणे झाले. सैतानाचे गुणगान म्हणून ज्या गाण्याला पुढे शिव्याशाप मिळाले, त्यातला गायक प्रत्यक्षात भेदरलेला आहे, देवाचा धावा करतो आहे. एखाद्या साधलेल्या गळ्याच्या गायकाने हाच धावा डौलदार केला असता. ऑझीचा आवाज डौल राखूच शकत नाही, तो फाटतो, आणि त्या फाटण्याने भय खरे होते.

या शांत जागांमध्ये ड्रमवादक बिल वॉर्ड काय करतो, हे ऐकणे हा एक स्वतंत्र सोहळा आहे. त्याचे दैवत जीन क्रुपासारखे जॅझचे तालवादक, आणि त्याचा हात कधीच सरळ ठेका धरून बसत नाही. गायकाच्या दोन ओळींमधल्या फटीत त्याचे टॉम-टॉम जिन्यावरून गडगडत आलेल्या रिकाम्या हंड्यासारखे येतात, आणि आता तोल गेला असे वाटत असतानाच नेमके समेवर उभे राहतात. वॉर्ड आघाताच्या अगदी किंचित मागे रेंगाळतो. त्या रेंगाळण्याने रचनेला झोल येतो, श्वास मिळतो. नंतरच्या काळात मेटलचे ड्रम अचूक, वेगवान आणि यंत्रवत झाले. त्या कौशल्याचा मला आदर आहे. तरी वॉर्डचा हा झोल कानात बसलेल्या माणसाला त्या अचूकपणात काहीतरी हरवल्यासारखे वाटत राहते. आणि शेवटी, चार-साडेचार मिनिटे अशी विलंबित घालमेल सोसल्यावर, गाणे अचानक उठून धावू लागते. बड्या ख्यालानंतर द्रुत बंदिशीचा मुखडा पडावा आणि श्रोत्यांनी सावरून बसावे, तसा तो क्षण आहे. मात्र ख्यालातली द्रुत लय आनंदाने उमलत जाते. इथली द्रुत लय म्हणजे पळ काढणे आहे.

आयोमीच्या बोटांची कथा मेटलच्या चाहत्यांना पाठ असते. तिच्याकडे केवळ जिद्दीची गोष्ट म्हणून पाहिले जाते, आणि त्यामुळे तिच्यातला नादाचा भाग निसटतो. सतरा वर्षांचा असताना, पत्र्याच्या कारखान्यातल्या नोकरीच्या शेवटच्याच दिवशी, यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या आणि अनामिका या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबण्याचा हात नेमका हाच. कारखान्यातल्या मुकादमाने त्याला जँगो राइनहार्टची ध्वनिमुद्रिका आणून दिली. आगीत हात भाजल्यानंतर दोनच बोटांच्या बळावर जॅझ गिटारचा बादशहा झालेला हा जँगो. मग आयोमीने भांडी घासण्याच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे केली आणि त्यांवर जुन्या जाकिटाचे चामडे चिकटवले. टोपणातून तार जाणवत नाही, जाड तार दाबवत नाही. म्हणून त्याने बँजोच्या बारीक तारा गिटारवर चढवल्या. बारीक तार सैल असते, ती दाबली की वाकते, ताणली की ओघळते, तिचा स्वर कधीच टाचून बसवल्यासारखा उभा राहत नाही. भरगच्च स्वरमेळ धरणे अवघड, म्हणून षड्ज-पंचमाच्या जोडीवर भर आला. चामड्याखालच्या बोटाला तारेवर फार काळ निश्चल राहणे जड जाते, म्हणून त्या तीव्र मध्यमावरच्यासारखी थरथर आली. त्याच्या शैलीतली एकेक जागा अशी त्या टोपणांपाशी जाऊन पोचते. हे ठाऊक झाल्यावर आपण पुन्हा ते तीन स्वर ऐकले, की प्रत्येक स्वराच्या कडेला एक मऊ, चामडी खरखर ऐकू येऊ लागते.

अख्खा अल्बम १६ ऑक्टोबर १९६९ या एका दिवसात, लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत, बहुतांशी एकत्र वाजवून ध्वनिमुद्रित झाला. निर्माता रॉजर बेन, ध्वनियंत्रणेवर टॉम ॲलम. हे दुसरे नाव लक्षात ठेवावे, ते पुढे पुन्हा येणार आहे. पाऊस आणि घंटा नंतर जोडली गेली. एवढ्या घाईत झालेल्या कामात मैफलीचा ताजेपणा आला आहे. 'द विझर्ड' मध्ये ऑझी माउथ ऑर्गन वाजवतो आणि गिटार त्याच्या खांद्याला खांदा लावून तीच सुरावट उचलते. तिथे बर्मिंगहॅमच्या धुराखाली दडलेला अमेरिकी ब्लूज स्पष्ट ऐकू येतो. 'एन.आय.बी.' च्या आधी गीझर बटलर एकटाच बेसवर आलापी करतो, पायाखालच्या वा-वा पेडलने स्वराला ओठ फुटल्यागत बोलते करतो, आणि मग ज्या सुरावटीवर येतो ती ऐकून आजही तरुण मुले माना डोलावतात. त्या गाण्यात सैतान स्वतःच बोलतो, पण तो प्रेमात पडलेला सैतान आहे, आर्जवी आहे. 'इव्हिल वुमन' या उसन्या गाण्यावरून मी पुढे जातो. 'स्लीपिंग व्हिलेज' पाशी मात्र थांबावेच लागते, कारण तिथे साध्या गिटारच्या शेजारी चक्क मोर्चंग वाजते. राजस्थानच्या वाळवंटातून आणि दक्षिणेच्या मैफलीतून आपल्या ओळखीचे झालेले हे चिमुकले वाद्य इंग्रजी गावाच्या धूसर पहाटेत असे काही घुमते की ते तिथलेच वाटावे. आणि त्यातूनच उगवणाऱ्या 'वॉर्निंग' मध्ये आयोमी मिनिटामागून मिनिटे एकटा वाजवत राहतो. काही ठिकाणी तो चाचपडतो, एखादी जागा दोनदा घेतो. त्या चाचपडण्यासकट ते मला हवे आहे. पुढच्या स्वराची वाट त्याला तिथेच, आपल्यादेखत सापडते आहे.

मुखपृष्ठाचे चित्र हाही या आस्वादाचा भाग आहे. टेम्सकाठच्या मेपलडरहॅमची जुनी पाणचक्की, पुढ्यात सुकल्या झुडपांचे रान, आणि मधोमध काळ्या वस्त्रातली एक फिकट स्त्री. छायाचित्रकार कीथ मॅकमिलन याने इन्फ्रारेड फिल्म वापरल्यामुळे पानांना आजारी गुलाबी छटा आली आहे, आणि ऋतू कोणता, वेळ कोणती, काहीच सांगता येत नाही. चित्रात रक्त नाही, कवटी नाही, ज्वाळा नाहीत. नंतरच्या असंख्य मेटल अल्बमांच्या मुखपृष्ठांवर या साऱ्याची रेलचेल झाली, तरी त्या स्त्रीच्या नुसत्या उभे राहण्याइतके अस्वस्थ करणारे चित्र माझ्या पाहण्यात नाही.

त्याच वर्षी, सप्टेंबरात, 'पॅरानॉइड' आला आणि या चौघांना जगभर नेऊन पोचवले. त्यातल्या 'वॉर पिग्ज' मध्ये रिकाम्या जागेची कल्पना जवळजवळ शिल्पासारखी कोरली आहे. संथ, भोंग्याच्या आक्रोशाने झाकोळलेल्या प्रस्तावनेनंतर गिटार दोन घाव घालते आणि गप्प होते. बिल वॉर्डच्या हाय-हॅटची बारीक चुटचुट तेवढी चालू राहते, आणि त्या उघड्या मैदानात ऑझी एकटा येऊन युद्ध पुकारणाऱ्या सेनापतींवर आपला आरोप ठेवतो. पुन्हा दोन घाव. पुन्हा एकटा आवाज. व्हिएतनामचे युद्ध चालू असताना, ज्यांच्या आईबापांनी बर्मिंगहॅमवर जर्मन बॉम्ब पडताना पाहिले होते त्या मुलांनी हे गाणे केले, हे ध्यानात घेतले की त्या घावांमधली शांतता वेगळीच ऐकू येते. 'आयर्न मॅन' मध्ये गंमत उलटी आहे. आपल्या मैफलीत पेटी गळ्यामागून चालते. इथे गळा गिटारमागून चालतो, ती जी सुरावट घेईल तीच स्वरास्वराने गातो, आणि त्या अनुसरणामुळेच पोलादी माणसाची जड, आज्ञाधारक चाल डोळ्यांपुढे उभी राहते. आणि मग 'प्लॅनेट कॅरव्हॅन'. काँगोंचा मंद ठेका, फिरत्या लेस्ली स्पीकरमधून पाण्याखालून आल्यासारखा येणारा ऑझीचा आवाज, ताऱ्यांमधला अलगद प्रवास. मेटलच्या सर्वांत गाजलेल्या अल्बमात हे हळुवार गाणे बिनदिक्कत बसले आहे. पुष्कळ जण ते ओलांडून पुढच्या गाण्याकडे जातात. आपण तसे करू नये.

पण त्या काळातला माझा सर्वांत लाडका अल्बम १९७१ चा 'मास्टर ऑफ रिॲलिटी'. इथे आयोमीने काही गाण्यांसाठी आधीच्याच सैल तारा आणखी तीन अर्धस्वर खाली उतरवल्या, आणि गीझरने आपला बेसही त्यांच्या मागोमाग खोल नेला. बोटांना आराम मिळावा हा साधा हेतू. झाले असे, की तारेतला उरलासुरला ताण गेला आणि प्रत्येक स्वर चिखलातून पाय उपसावा तसा सावकाश सुटू लागला. 'इन्टू द व्हॉइड' ची सुरावट ऐकताना एकेक स्वर दुसऱ्याला चिकटून येतो, त्यांच्या मधल्या मींडेत किंचित अंधार सांडतो. पुढे ज्याला डूम म्हटले गेले, स्टोनर म्हटले गेले, ते संपूर्ण घराणे या एका पडलेल्या तारेतून निघाले. आणि या जडशीळ गाण्यांच्या मधोमध 'ऑर्किड' हा साध्या गिटारचा दीड-एक मिनिटाचा तुकडा ठेवला आहे, निव्वळ कोवळा. तो संपता संपता 'लॉर्ड ऑफ धिस वर्ल्ड' अंगावर येते. 'ऑर्किड' काढून टाकून हे गाणे ऐकावे आणि मग 'ऑर्किड' सह ऐकावे. दुसऱ्या वेळी त्याचे वजन वाढलेले असते.

आता टॉम ॲलम. रीजंट साउंडमधल्या त्या दिवसानंतर दहा वर्षांनी, १९८० च्या आरंभी, तो निर्माता म्हणून बर्मिंगहॅमच्याच 'ज्यूडास प्रीस्ट' बरोबर 'ब्रिटिश स्टील' करत होता. जागा टिटनहर्स्ट पार्क, एकेकाळचे जॉन लेननचे घर. बाहेर इंग्लंडात पोलाद कामगारांचा देशव्यापी संप चालू होता आणि आत पोलादाचेच नाव घेतलेला अल्बम आकार घेत होता. सॅबथच्या संगीतातली दलदल इथे पूर्ण आटली आहे. ग्लेन टिप्टन आणि के. के. डाउनिंग यांच्या दोन गिटारी एकमेकींना घासून धार लावतात, कुठेही एक तंतू लोंबत नाही, आणि रॉब हॅलफर्डचा आवाज त्या धारेवरून पाय न कापता चालत जातो. रिकामी जागा इथेही आहे, पण ती मापून कापलेली आहे. स्वर जिथे थांबवायचा तिथे तळहाताने तार दाबून तत्क्षणी थांबवला जातो. मला विशेष आवडतात ते यातले घरगुती आवाज. 'मेटल गॉड्स' मधली यंत्रमानवांची पावले म्हणजे काट्याचमच्यांनी भरलेला ट्रे खळखळवून काढलेला नाद. 'ब्रेकिंग द लॉ' मधली फुटती काच म्हणजे दुधाच्या बाटल्या. आयते ध्वनी पुरवणारी यंत्रे हाताशी नव्हती, म्हणून स्वयंपाकघर कामाला आले, आणि लोखंडी भवितव्याचे ते सारे भयचित्र चहाच्या टेबलावरच्या वस्तूंनी रंगले.

घंटा मात्र पुन्हा ऐकायची असेल तर १९८२ च्या 'द नंबर ऑफ द बीस्ट' कडे जावे. 'आयर्न मेडन' चा हा तिसरा अल्बम, ब्रूस डिकिन्सन या गायकाचा त्यांच्याबरोबरचा पहिला. शेवटचे गाणे 'हॅलोड बी दाय नेम'. फाशीच्या कोठडीत पहाटेची वाट पाहणारा माणूस, मंद गिटार, आणि टोले. सॅबथची घंटा दूरची होती, तिचा आपल्याशी संबंध आहे की नाही हे ऐकणाऱ्याला ठाऊक नव्हते. ही घंटा घड्याळाची आहे, प्रत्येक टोला एका माणसाच्या आयुष्यातून वजा होतो. संथ प्रस्तावनेच्या अखेरीस डिकिन्सन एक स्वर उचलतो आणि लांबवत, फुलवत, वर चढवत नेतो. आपल्या नाट्यसंगीतावर वाढलेल्या कानाला अशा ठेवलेल्या सुराची गोडी सांगावी लागत नाही; तिथे टाळी यायचीच. मग स्टीव्ह हॅरिसचा बेस घोडदौड सुरू करतो, डेव्ह मरे आणि ॲड्रियन स्मिथ यांच्या गिटारी जोडीने, एकमेकींपासून ठरावीक स्वरांतर राखून, एक उदात्त सुरावट गाऊ लागतात, आणि मृत्यूकडे जाणाऱ्या माणसाच्या गाण्यात मुक्ततेचा वारा शिरतो. भयाचे रूपांतर शांतरसात व्हावे, तेही अशा वेगात, हे मला या गाण्याचे सर्वांत मोठे ऐश्वर्य वाटते.

हे गाणे मुंबईनेही प्रत्यक्ष ऐकले आहे. १ फेब्रुवारी २००८ रोजी आयर्न मेडनच्या जगदौऱ्याची सुरुवात वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर झाली. बँडला आणि त्यांच्या साऱ्या सामग्रीला घेऊन आलेल्या बोइंग ७५७ चे सारथ्य स्वतः डिकिन्सन करत होता, आणि त्या कार्यक्रमाचा शेवट याच गाण्याने झाला. धोबीतलावच्या रंगभवनात रॉकच्या मैफली ऐकून आणि ऱ्हिदम हाउस या दुकानातून एकेक कॅसेट जमवून ज्यांनी हे संगीत जपले, त्या पिढीचे दोन दशकांचे ऐकणे त्या रात्री मोकळ्या गळ्याने बाहेर पडले.

'मेटॅलिका' च्या १९८६ मधल्या 'मास्टर ऑफ पपेट्स' विषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते बहुतेक वेगाविषयी असते. जेम्स हेटफील्डचा हात तारेवर केवळ खालच्या दिशेने, विजेच्या वेगाने घाव घालतो, ते ऐकून छाती दडपते हे खरेच. मी मात्र 'ओरायन' पाशी बसून राहतो. मृगनक्षत्राचे हे नाव लोकमान्यांच्या ग्रंथामुळे मराठी वाचकाला परके नाही. साडेआठ मिनिटांच्या आसपासची ही रचना शब्दांवाचून आहे. दुरून, जवळजवळ ऐकू न येणाऱ्या पातळीवरून, क्लिफ बर्टनचा बेस थरावर थर चढवत येतो. रचनेच्या मध्यावर सगळा कोलाहल थांबतो आणि हाच बेस एकट्याने एक डुलती, झुलती सुरावट सुरू करतो. एकेक गिटार तिच्यावर अलगद येऊन बसते, दुसरी येते, स्वर एकमेकांत विणले जातात, आणि बाखचे वेड असलेल्या या तरुणाने मेटलच्या भट्टीत किती नाजूक विणकाम चालवले होते ते उमगते. कोपनहेगनमध्ये हे ध्वनिमुद्रण झाले. अल्बम मार्चमध्ये आला आणि सप्टेंबरात स्वीडनमधल्या बस अपघातात बर्टन गेला, चोविसाव्या वर्षी. त्या मधल्या भागात बेसच्या एकेका स्वराला मोकळी जागा दिली आहे. सॅबथकडून ही पोरे काय शिकली हे मला तिथे सर्वांत स्पष्ट ऐकू येते.

५ जुलै २०२५ रोजी हा वारसा एका जागी गोळा झाला. बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातल्या व्हिला पार्क या फुटबॉलच्या मैदानावर, जिथे हे चौघे लहानाचे मोठे झाले त्या गल्ल्यांच्या शेजारी, ऑझी, आयोमी, गीझर आणि वॉर्ड वीस वर्षांनी प्रथमच एकत्र वाजवायला उभे राहिले. दिवसभर मेटॅलिकासह एकाहून एक बँडांनी त्यांना मानवंदना दिली होती. पंचाहत्तरी ओलांडलेले हे चौघे. कंपवात जडलेला ऑझी काळ्या सिंहासनावर बसून गायला, आणि पुढे सतराच दिवसांनी, २२ जुलैला, त्याचे निधन झाले. त्यांनी चार गाणी वाजवली आणि पहिले होते 'वॉर पिग्ज'. भोंगा झाला, प्रस्तावना झाली, आयोमीने ते दोन घाव घातले आणि तारांवर हात ठेवला. वॉर्डची हाय-हॅट चुटचुटत राहिली. पंचावन्न वर्षांपूर्वी एका आवाजासाठी मोकळी सोडलेली ती जागा आली आणि ऑझीच्या बरोबरीने अख्खे मैदान तिच्यात गाऊ लागले. पुन्हा दोन घाव, आणि पुन्हा तेच हजारो गळे.